लिटरला एकोणीस

गाडीच्या पडद्यावरचा आकडा गेला आणि त्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या. गाडीने दोन आचके दिले आणि फोंडा घाटाच्या चढावर, एका वळणाच्या तोंडाशी ती बंद पडली. मागच्या सीटवर माझी धाकटी जाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डावा हात ओल्या फडक्यासारखा खाली लोंबत होता आणि घशातून घरघर येत होती. निघताना डॉक्टरने सांगितलं होतं, मेंदूत गुठळी असणार, ती विरघळवायचं इंजेक्शन थोड्या तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर दिलं काय आणि न दिलं काय. त्यातला बराच वेळ आम्ही आधीच घालवला होता.

गाडी चालवत होता तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. तो बटणं दाबत होता. गाडी खोकल्यासारखी करायची आणि गप्प व्हायची.

"काकी, बंद पडली."

"कित्या बंद पडली?"

"पेट्रोल संपला."

"असा कसा संपला? कणकवलेक इचारलंय तेव्हा तू म्हणालंस, कोल्हापूर गाठून वर उरतला."

"माझ्या मनातला नाय सांगलंय गो. ह्या गाडयेन सांगल्यान."

"मगे आता तिकाच इचार."

हे बोलायची ती वेळ नव्हती, पण मी बोलले. गाडी मागे सरकायला लागली. त्याने ब्रेक ओढला. मी जावेच्या डोक्याखाली पिशवी सरकवली, कशीबशी बाहेर आले आणि कठड्याजवळचा एक दगड उचलून मागच्या चाकाला लावला. मग दुसऱ्या चाकाला. एवढंच मला करता येण्यासारखं होतं. जावेने डोळे उघडले होते, पण ती माझ्याकडे बघत होती की गाडीच्या टपाकडे, ते कळत नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. गाडीतलं मला काही कळत नाही. पण आकडे वाचता येतात, आणि टाकीतल्या पेट्रोलवर अजून किती किलोमीटर जाता येईल, तो पडद्यावरचा आकडा मी कणकवलीपासून वाचत होते. तेव्हा त्याच्यात कोल्हापूर सहज मावलं असतं. मग तो गेला कुठे? हा प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना विचारलाय. प्रत्येकाने उत्तर दिलं, आणि प्रत्येकाचं उत्तर ऐकून मी आधीपेक्षा जास्त गोंधळले.

ही गाडी आमच्या घरी आली तेव्हाच मी म्हटलं होतं, ही माणसं बसायची गाडी नव्हे. इतकी बसकी की आत शिरताना आधी डोकं घालायचं की पाय, तेच ठरत नाही. बसलं की गुडघे हनुवटीला. आमच्या वाडीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर तिचं पोट खरवडतं. पुतण्या गोव्यात औषधांच्या कारखान्यात कामाला आहे, सुट्टीला घरी येतो. तो म्हणाला, "काकी, ही स्पोर्टी सेडान आसा. जीप नाय. हिचो पिकप बघ." तिच्यात एक बटण आहे. ते दाबलं की आवाज बदलतो, मारका पाडा गुरगुरतो तसा. त्याने मला बसवून एकदा ते दाबून दाखवलं आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी म्हटलं, "उतरय माका."

पण त्याला त्या वेगापेक्षा जास्त कौतुक होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. "एवढी पळता, पण लिटराक एकोणीस!" हे त्याने घरात सांगितलं, देवळात सांगितलं, मासे विकायला येणाऱ्या बाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "माका एकोणीस नको, माका मालवणापासून हयसर सोडलास तरी पुरे." कंपनीच्या कागदावर तो आकडा छापलेला होता. सरकारने तपासलेला आहे, असं पुतण्या म्हणाला. सरकारने तपासलंय म्हटल्यावर बोलणं खुंटलं.

आमच्याकडे नवीन वस्तू आली की देवासमोर गाऱ्हाणं घालतात. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या दिराचा, म्हणजे जावेच्या नवऱ्याचा. आवाज मोठा आणि श्वास लांब. गाडी देवळासमोर उभी केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ हातात घेतला आणि दिराने सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आज ह्या तुझ्या लेकरान नवी गाडी हाडल्यान हा, तिची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय वाकडा-नाकडा आडवा येयत, ता दूर कर. आणि कंपनीन कागदार जा काय ॲव्हरेज लिवल्यान हा, ता रस्त्यार पुरेपूर पदरात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मागे कोणीतरी पुटपुटलं, "ॲव्हरेज देवाक खंय कळता?" दुसरा म्हणाला, "देवाक कळता. तुका कळना नाय." मी पण होय महाराजा म्हटलं होतं. ॲव्हरेज म्हणजे काय ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण मागायला काय जातं.

आणि देवाने ऐकलं. पुतण्या गोव्याला गेला आणि फोन आला, हायवेवर बरोबर अठराच्या वर पडलं, एकोणिसाला जरासंच कमी. दीर आठवडाभर छाती काढून फिरत होता. मग सुट्टीत पुतण्या घरी आला, मालवणच्या बाजारात चार फेऱ्या झाल्या, मे महिन्यातली मुंबईकरांची गर्दी, गाड्यांच्या रांगा, आत थंड हवेचं मशीन चालू. पडद्यावर नऊ. मी विचारलं, "एकोणीस खरा काय नऊ खरा?"

तो म्हणाला, "दोनय खरा."

"दोन कसा खरा असात? भात एकच मोजलेला असता."

"तसा नसता काकी. रस्त्यार असता ता."

मला ते थोडंसं कळलं, कारण आमच्या घरात दोन चुली आहेत, माझी आणि जावेची. सिलेंडर एकाच गाडीतून येतात, एकाच वजनाचे. तिचा माझ्यापेक्षा जास्त दिवस चालतो. या गोष्टीवरून ती मला वर्षानुवर्षं टोचत आली आहे. "वयनीक गॅस पेटवक येता, बंद करूक येना नाय." मी म्हणते, "तू आंघोळीचा पाणी लाकडार तापवतंस, माझ्या घरात धूर नको." म्हणजे सिलेंडर किती दिवस चालतो, असं कोणी विचारलं तर मी आधी विचारीन, कोणाच्या घरात? हे मला कळतं. पण सिलेंडरवर कोणी छापत नाही की हा इतके दिवस चालेल. गाडीवर छापतात. मग छापणाऱ्याने कोणाचं घर बघितलं होतं, हे मला कळत नव्हतं.

त्या सकाळी जाऊ मागच्या दारी काजूबिया सुपात घेऊन बसली होती. रविवार होता, पुतण्या घरी होता. सूप तिच्या हातातून पडलं आणि बिया अंगणभर गेल्या. मी म्हटलं, "डोळे फुटले काय गो?" तिने उत्तर दिलं, पण तोंडात शब्द चिकटल्यासारखं. मला वाटलं, माझी नक्कल करते. ती करते कधीकधी. मग ती एका अंगावर कलंडली.

तिला त्या बसक्या गाडीत घालायला तीन माणसं लागली. म्हणून डॉक्टरच्या दारात पोहोचल्यावर तिला परत बाहेर काढायचं कोणाला धाडस होईना. डॉक्टर स्वतः गाडीपाशी आले, तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात उचलायला सांगितला. उन्हाचा तडाखा, म्हणून पुतण्याने इंजिन चालूच ठेवलं होतं, आत थंड हवा राहावी म्हणून. डॉक्टरांचे फोनवर फोन चालले होते. जावेचं हृदयाचं दुखणं जुनं, तिच्या सगळ्या तपासण्या कोल्हापूरच्या एका इस्पितळात झालेल्या, तिथला डॉक्टर तिला ओळखत होता. तिथे जागा आहे म्हणाले. ॲम्ब्युलन्स मात्र कुडाळला दुसरा रोगी घेऊन गेली होती. तासाभरात परत येईल, असं कळलं.

पुतण्याने पडद्याकडे बघितलं. "तासाभरात मी घाट चढान जायन. गाडी अजून दोनशे किलोमीटरच्या वर दाखवता. थांबाक नको."

डॉक्टर म्हणाले, "ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो."

तो म्हणाला, "डॉक्टर, हिचो पिकप तुमका म्हायत नाय."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, हेच मला अजून कळलेलं नाही.

वाटेत देवळाशी दिराने गाडी थांबवली. तो मोटरसायकलवरून आमच्या पुढे गेला होता आणि नारळ घेऊन रस्त्यातच उभा होता. त्याला चुकवून जायचं म्हणजे त्याच्या अंगावरून जावं लागलं असतं. "बा देवा म्हाराजा," त्याने चालू केलं. होय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं, मग पुतण्याच काचेतून म्हणत होता. दीर बारा ठिकाणच्या देवांना एकेक करून बोलावत होता. इंजिन चालू, थंड हवा चालू.

मी डोकं बाहेर काढून ओरडले, "आवरा भावजी! देवाक सगळा ठावक आसा. तुमची बायल हय गाडयेत मरता हा."

"गाऱ्हाणा मधी तोडूचा नसता वयनी," तो म्हणाला. नारळ फुटेना. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा फुटला.

मग पुतण्याने ते बटण दाबलं. गाडी गुरगुरली. कट्टा, कसाल, हायवे, कणकवली. मी जावेचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले होते. पंप दिसत होते. कणकवलीच्या पंपावर मुंबईच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. मी विचारलं, "पेट्रोल पुरतला मां?" तो म्हणाला, "कोल्हापूर गाठून वर उरतला." आणि मी पडद्यावर वाचलं, खरंच उरत होतं.

फोंडा गाव गेलं आणि चढ लागला. तिथून तो आकडा वेड्यासारखा खाली यायला लागला. एक वळण घेतलं की दहाने कमी. पुतण्या दात खाऊन गाडी दामटत होता, आणि जितकी दामटायचा तितका आकडा पळायचा. रस्ता एकाने सरकायचा आणि आकडा पाचाने. मी म्हटलं, "अरे, ह्या काय?" तो म्हणाला, "चढ आसा म्हणान. वर गेल्यार परत वाढतला." आकडा परत वाढतो? पेट्रोल टाकीत आपोआप वाढतं का? हे मी विचारणार होते, तेवढ्यात लाल दिवा लागला आणि थोड्या वेळाने रेघा आल्या.

तर तिथे आम्ही उभे होतो. फोनला रेंज नव्हती. वरून काजूचा एक टेम्पो आला. तो म्हणाला, खाली फोंड्याला नेतो, वर नेऊ शकत नाही, गाडी वळवायला जागा नाही. पण खाली फोंड्याला नेऊन तिचं काय करायचं होतं? मग खालून एक पांढरी गाडी आली, माणसांनी आणि सामानाने खच्चून भरलेली. चालवणाऱ्याने काच खाली केली, आमच्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला,

"मस्त गाडी आहे हो. मायलेज किती देते?"

मीच म्हटलं, "एकोणीस."

"वा!" तो म्हणाला. मग त्याला मागच्या सीटवरची जाऊ दिसली आणि तो ओशाळला. त्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर गेल्यावर कोणालातरी पाठवतो म्हणाला. पाठवलं की नाही, माहीत नाही.

मग एसटी आली. मालवणहून कोल्हापूरला जाणारी, लाल, मागून काळा धूर सोडणारी. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा होता. त्याने खिडकीतून डोकं काढलं.

"ओ म्हातारे, मराय आलीयास काय?"

"मी नाय. ही."

तो उतरला, आत वाकून जावेला बघितलं आणि मागे वळून बसमधल्या लोकांना ओरडला, "नुसतं बघत काय उभारलाय? धरा पाय! मागची लांब सीट मोकळी करा!" चार माणसांनी तिला त्या बसक्या गाडीतून ओढून काढलं. तिची चप्पल घाटातच राहिली.

एक प्रवासी पुतण्याला म्हणाला, "एवढी भारी गाडी आन् पेट्रोल न्हाई?"

ड्रायव्हर म्हणाला, "गप बस की. तू तिकीट काढायला सुट्टे आणत न्हाईस, त्यो पेट्रोल इसरला."

पुतण्या बसमध्ये चढायला गेला, तर ड्रायव्हरने त्याला अडवलं. गाडी वळणाच्या तोंडावर उभी होती. वरून एखादा ट्रक आला असता तर सरळ तिच्यावर. "फांद्या तोड, वर-खाली दोन्हीकडं रस्त्यात टाक आन् हितंच थांब. तुझ्या आईला आम्ही नेतो. अजून चार माणसं मारू नगंस." पुतण्या रस्त्यात उभा राहिला. एक पाय बसच्या पायरीवर, एक खाली. मी म्हटलं, "ऱ्हव तू. मी आसंय." त्याने पाय खाली घेतला. मागच्या काचेतून तो मला दिसत होता, करवंदीच्या जाळीत फांद्या ओढत. मग वळण आलं.

बस रडतखडत चढत होती. गाडीच्या मानाने गोगलगाय. पण चढत होती. तिच्यात कुठलाच आकडा दिसत नव्हता. मी कंडक्टरला विचारलं, "डिझेल आसा मां पुरे?" तो हसला. "डेपोत टाकी भरूनच निघतो आजी. किती देते ते साहेबाला माहीत. आम्हाला कोल्हापूर माहीत." ड्रायव्हरने मधे कुठेही थांबायचं नाही असं सांगितलं. दाजीपूरला उतरणारा एक म्हातारा होता. त्याचा थांबा गेला तेव्हा त्याने फक्त खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "मी राधानगरीहून येईन माघारी. माझं काय, म्हशी आहेत, वाट बघतील."

वर रेंज आल्यावर कंडक्टरने फोन केला. राधानगरीच्या स्टँडवर ॲम्ब्युलन्स उभी होती. तिथून कोल्हापूर.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने मला विचारलं, "आजी, हे नेमकं कधी सुरू झालं?"

"सूप पडला तेव्हा."

"किती वाजता?"

"पेजेच्या आधी."

"पेज किती वाजता असते?"

"भूक लागली की."

त्याने कपाळाला हात लावला. इंजेक्शन द्यायचं की नाही, ते या एका गोष्टीवर ठरणार होतं, असं तो म्हणाला. मी डोकं खाजवलं. मासेवाली येऊन गेली होती, तिने बांगडे दिले होते, बांगडे मी पाण्यात टाकले आणि सूप पडलं. मासेवाली किती वाजता येते, हे मला कधी बघावं लागलं नाही. त्याने घरी फोन लावला. दिराला विचारलं. दीर म्हणाला, तो तेव्हा रेडिओवर बातम्या ऐकत होता, बातम्या संपल्या आणि वयनी ओरडली. डॉक्टरने हिशोब केला, "अजून बसतंय," म्हणाला आणि आत पळाला.

पुतण्या संध्याकाळी पोहोचला. एका ट्रकवाल्याने त्याला खालून डबा भरून पेट्रोल आणून दिलं होतं. तो माझ्या शेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "काकी, डबो ओतलंय तर गाडी लगेच चालू झाली. जसा काय झालाच नाय." मी त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. "परत आकडो दाखवूक लागली," तो म्हणाला. मग तो रडला. रडताना तो लहानपणी दिसायचा तसाच दिसतो, वाईट.

दोन-तीन महिन्यांनी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मला न्यायला तो आला, आणि वाटेत गाडीच्या शोरूमवर थांबला. त्याला भांडायचं होतं. मी गाडीत बसून काय करू, मी पण आत गेले. काचेच्या टेबलामागे टाय घातलेला एक मुलगा होता. आमच्याशी शुद्ध बोलत होता. मग पुतण्याही शुद्ध बोलायला लागला, आणि त्याचं ऐकून मीही.

"तुम्ही एकोणीस सांगितलं होतं," पुतण्या म्हणाला.

"सर, ते प्रमाणित मायलेज आहे. चाचणीतलं."

"चाचणी कुठे करतात?" मी विचारलं.

"आजी, प्रयोगशाळेत. गाडी आत ठेवतात, चाकं रोलरवर असतात. म्हणजे चाकं फिरतात, पण गाडी जागेवरच."

"जागेवरच?"

"हो."

"म्हणजे ती कुठेच जात नाही?"

"नाही आजी."

"आणि कुठेच न जाता ती लिटरला एकोणीस किलोमीटर जाते?"

तो थोडा घोटाळला. "म्हणजे, तेवढं अंतर मोजलं जातं."

"त्या खोलीत घाट आहे?"

"नाही."

"खड्डे? गुरं? पंपावरची रांग?"

"नाही आजी."

"थंड हवेचं मशीन चालू असतं?"

"बहुतेक बंद असतं."

"मागच्या सीटवर आजारी माणूस?"

पुतण्या म्हणाला, "काकी, पुरे." पण मला भांडायचं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं. त्या खोलीत तो आकडा खरा आहे, असं तो मुलगा म्हणत होता आणि तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या तशाच खोलीत चालवतात, म्हणजे एकमेकींशी तुलना करता येते, असं तो म्हणाला. हे पण खरं असेल. पण आम्ही दुसऱ्या गाडीशी तुलना करायला निघालो नव्हतो. आम्ही कोल्हापूरला निघालो होतो.

"मग तो पडद्यावरचा आकडा? तो पण खोलीतला?" मी विचारलं.

"नाही, तो तुमचाच असतो. तुम्ही आधी जशी गाडी चालवली, त्यावरून ती अंदाज करते पुढे किती जाईल. सरांची गाडी आधी गोवा हायवेवर चालली, सपाट. म्हणून तिने जास्त दाखवलं. मग सर सांगतात तसं स्पोर्ट मोडचं बटण, चढ, एसी, त्यात बराच वेळ इंजिन उभ्या उभ्या चालू... आणि टाकीत तळाला थोडं असलं तरी चढावर ते मागे जातं. ओढलं जात नाही."

म्हणजे खोलीतला आकडा खरा, हायवेचा खरा, बाजारातला नऊ खरा, पडद्यावरचा पण अंदाज म्हणून खरा. सगळे खरे. आणि गाडी बंद पडली. त्याने मला चहा विचारला. मी नको म्हटलं.

घरी दिराचं वेगळंच. तो म्हणतो, गाऱ्हाण्यात "रस्त्यार" असा शब्द होता, घाटाचं नाव घ्यायचं राहिलं, देवाने रस्त्यावर दिलं, घाटात कसं देणार? देवळातली माणसं यावर खूप दिवस वाद घालत होती. एकजण म्हणाला, देवाने एसटी पाठवली, ती कोणाच्या गाऱ्हाण्याची? दीर म्हणाला, माझ्याच. दुसरा म्हणाला, आणि नारळ फुटेपर्यंत जळलं ते पेट्रोल कोणाचं? पुढच्या अमावस्येला दिराने घाटासाठी वेगळा नारळ ठेवला.

आणि ॲम्ब्युलन्सचं मला नंतर कळलं. ती डॉक्टरच्या दारात तासाच्या आत परत आली होती. तिच्यातून गेलो असतो तर कोल्हापूरला आधी पोहोचलो असतो की नंतर, हे पुतण्याने कितीतरी वेळा मांडून बघितलं. कधी दहा मिनिटं आधी येतं, कधी नंतर. गोव्याला नेलं असतं तर सगळा रस्ता सपाट, गाडीने दाखवलं तेवढं ती गेली असती. आकडा खरा ठरला असता आणि आम्ही कधी असला विचार केला नसता. यातलं कुठलं खरं मानायचं? पुतण्या मला विचारतो. मी काय सांगू? मला सिलेंडरचंच कळत नाही.

गाडी त्याने विकली नाही. आता तो दिसेल त्या पंपावर थांबतो. पंपावरचे म्हणतात, साहेब, टाकीत जागा नाय. तो म्हणतो, घाल जरा. टाकी तोंडापर्यंत भरून वास येईपर्यंत त्याला बरं वाटत नाही. ते बटण दाबायचं त्याने सोडलंय.

जाऊ बोलते, पण शब्द लोळतात. डाव्या हाताने सूप धरता येत नाही, काजूबिया मीच पाखडते आणि ती बसून सांगते की मी चुकीचं पाखडते. सिलेंडर आता आम्ही एकच वापरतो, दोघींचा मिळून. तो किती दिवस चालतो, ते कोणी मोजत नाही. गाडीत बसली की ती मागून माझ्या खांद्यावर बोट टोचते. तिला पडदा नीट दिसत नाही.

"वयनी, कितको दाखवता?"

मी वाचून सांगते. ती मान हलवते, म्हणजे विश्वास नाही.

त्या दिवशी घाटात त्या गाडीत आम्ही तिघं होतो. जाऊ जगली. पुतण्या आहे. मी पण आहे.